कासवाचं पान

पुस्तकं वाचण्यासाठी असतात असं मानणारी माणसं आमच्या शेडमध्ये टिकत नसत. आम्ही जी पुस्तकं बनवायचो ती खाण्यासाठी असत. दीड-दोन वर्षांचं पोर पुस्तक हातात आलं की आधी तोंडात घालतं, मग आपटतं, मग त्याच्यावर बसतं, आणि जमलंच तर शेवटी उलटं धरून बघतं. हर्मिनाला हे पक्कं ठाऊक होतं. जाड पुठ्ठ्याच्या पानांचे कोपरे गोल करायचं यंत्र तिच्याकडे होतं, आणि कापलेला कोपरा ती स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवून बघायची. नव्या मुली हसायच्या. ती म्हणायची, हसा, पोराच्या हिरडीतून रक्त आलं की त्याच्या आईसमोर जाऊन पण असंच हसा.

मी तिच्या समोरच्या टेबलावर बसून पानं चिकटवायचे. मी चंद्रावती, सरनामी घरातली, म्हणजे हिंदुस्थानातून मळ्यावर आलेल्या मजुरांच्या वंशातली, उपजत बडबडी. ती क्रिओल, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, अंगाने भरलेली, चालायला सावकाश आणि बोलायला तिखट. मी तिला सिसा म्हणायचे, म्हणजे ताई. दुपारी माझी रोटी ती खायची, तिचा भात मी, आणि दोघी एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचो. तशी मैत्रीण मला परत मिळाली नाही. तिच्यावर जे गुदरलं ते मला अजून पचलेलं नाही, म्हणून सांगते.

ते प्राण्यांचं पुस्तक होतं. एका पानावर एक प्राणी आणि खाली त्याचं नाव डच, स्रानन, सरनामी, जावानीज आणि सारामाका भाषेत. आमच्या पारामारिबो शहरात एकाच गल्लीत पोरांना या पाचही भाषांत ओरडा बसतो, तेव्हा पुस्तक पाच भाषांत असावं यात नवल काही नव्हतं. वाद झाला तो प्राण्यांवरून. शेडच्या मालकीण मॅडम, त्यांनी डुकराचं चित्र काढलं होतं, छान गुलाबी. आमच्यातल्या जावानीज मावशी म्हणाल्या, आमच्या मशिदीतली एकही बाई हे घरात घेणार नाही. डुक्कर गेलं. मग हरीण आलं, तर कुणीतरी म्हणालं, हरीण आमचं ट्रेफू आहे.

क्रिओल घरांत ज्याला त्याला काहीतरी ट्रेफू असतं. एखादा प्राणी, एखादा मासा, खायला वर्ज्य. ते बापाकडून येतं, आईकडून कधीच नाही, आणि चुकून खाल्लं तर अंगावर फोड उठतात. पोराचा बाप कोण हे तोंडाने विचारायची सोय नसते तिथे कातडी सांगते, असं त्यांच्या बायका म्हणतात. मॅडम हॉलंडमध्ये शिकून आलेल्या, त्या वहीत लिहून घ्यायला लागल्या. तेव्हा हर्मिना यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "मॅडम, कुणाचं ना कुणाचं ट्रेफू असणारच. सगळे काढत बसलात तर शेवटी डास तेवढा उरेल."

सगळे हसले आणि वाद मिटला. तरी कासवाच्या पानाला हात घालण्याआधी मॅडमनी तिला विचारलं, हे चालेल ना? हर्मिनाच्या सासरचं ट्रेफू कासवच. लांडफेल्ट घरात जन्मलेला माणूस कासवाच्या कालवणाच्या वासालाही उभा राहत नाही. पण ती म्हणाली की चित्र आहे, कालवण नाही, चालेल.

लांडफेल्टांचं आवार कालव्याच्या बाजूला होतं. आंब्याच्या झाडाभोवती चार-पाच लाकडी घरं, कुणा एकाच्या मालकीची नाहीत, सगळ्या घराण्याची. कोण राहील, कोण जाईल हे हर्मिनाची नणंद ठरवायची, कोर्नेली. अर्ध्या गावाच्या मयताचा स्वयंपाक तिच्या हातचा, अर्ध्या गावाची भांडणं तिच्या पायरीवर मिटलेली. ती दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर मला तिच्या नावाने बोटं मोडून मोकळं होता आलं असतं.

हर्मिनाचा नवरा हेन्द्रिक जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा सेड्रिक. तो नदीच्या गाळातून सोनं उपसणाऱ्या बोटीवर कामाला गेला आणि पावसाळ्यात धबधब्याखाली होडी उलटून बुडाला. त्याला पुरून काही महिने झाले नाहीत तोच रोस्मिनी नावाची एक जावानीज पोरगी तान्हं मूल घेऊन फाटकात उभी राहिली आणि म्हणाली, हा त्याचा मुलगा. लग्न नाही, कागद नाही, नदीवरच्या वस्तीत दोघांना एकत्र बघितलेला माणूस सेड्रिकबरोबरच बुडालेला. पोर नखशिखांत आईवर गेलेलं. कोर्नेलीने त्याला उलटं-सुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "यात आमचं काय आहे? नाकसुद्धा नाही."

तरी तिने हाकललं नाही. मागची खोली दिली, "सध्या" म्हणून. ते सध्या दोन वर्षं चाललं. रोस्मिनी त्या आवारात पाहुणी नव्हती, सून नव्हती, मोलकरीणही नव्हती, पण काम तिन्हींचं करायची. नळावर बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या की मेलेल्याच्या नावावर काहीही खपवता येतं. आणि त्या वर्षी कोर्नेलीचा भाचा हॉलंडहून परत यायचा होता, त्याला खोली हवी होती. नाताळपर्यंत रोस्मिनीने दुसरीकडे बघावं असं ठरलं.

हर्मिनाचा जीव त्या पोरात होता. गिल्मार त्याचं नाव. सेड्रिकचं तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. शेडमध्ये येऊन ती मला त्याचे एकेक पराक्रम सांगायची, आज त्याने कोंबडीला चप्पल भरवली, आज त्याने पाद्रीबुवांच्या मांडीवर शू केली. रोस्मिनी गेली की पोर जाणार, आणि तिची माणसं पार निकेरीला, म्हणजे सठीसहामाशी दर्शन. हर्मिना त्या आवारातली असली तरी बाहेरून आलेली होती, विधवा होती. कोर्नेलीच्या शब्दापुढे तिचा शब्द चालत नव्हता.

त्याच सुमाराला आमचं नेहमीचं वार्निश जहाजातून आलं नाही. मॅडमनी कुठून तरी दुसरा डबा आणला. पुस्तक दिसायला झकास, चकचकीत, पण दोन दिवसांत आमची बोटं खाजायला लागली आणि कातडी सुटायला लागली. हर्मिनाने आकाशपाताळ एक केलं. हे पोरांच्या तोंडात जाणार आहे, म्हणाली, तुमच्या कपाटात नाही. मॅडम शहाण्या, त्यांनी ऐकलं. तो सगळा माल बाद केला, डबा परत गेला, जुनं वार्निश येईपर्यंत आम्ही थांबलो. बाजारात त्यातलं एकही पुस्तक गेलं नाही.

बाद ढिगातली एक प्रत मात्र हर्मिनाने पिशवीत टाकली. कापताना कासवाचा मागचा पाय उडाला होता. ढीग बरेच दिवस उन्हाच्या खिडकीपाशी पडून होता, वास गेला होता, तिला वाटलं आता वाळलं, आता त्यात काही नाही. नातवाला पुस्तक हवं होतं आणि ते फुकट होतं. माणूस याहून मोठ्या कारणाने चूक करतो असं मला वाटायचं.

गिल्मारने सगळ्या प्राण्यांत कासव निवडलं. बाकीची पानं उलटायची, कासवाशी थांबायचं, "पातू" म्हणायचं आणि पान तोंडात घालायचं. स्राननमध्ये कासवाला सेक्रेपातू म्हणतात, त्यातलं त्याला एवढंच जमायचं. झोपताना पण ते पुस्तक कुशीत. आठवडाभरात त्या पानाचा लगदा झाला, आणि पोराच्या ओठांभोवती लाल पुरळ आलं, मग हनुवटीवर पाण्याचे फोड, मग हातांवर.

हे पहिल्यांदा बघितलं ते कोर्नेलीने. वाळलेले कपडे घेऊन चालली होती, पोर पायरीवर बसलेलं. तिने त्याची हनुवटी वर केली, बघितलं. मग त्याच्या हातातलं पुस्तक बघितलं, चावून चोथा झालेलं कासव बघितलं, आणि कपडे तिथेच टाकून खाली बसली. तिने सगळ्या घरांना हाका मारल्या. हेन्द्रिकला लहानपणी असंच झालं होतं, म्हणाली, शेजारणीने न सांगता कासवाचा रस्सा भरवला होता, आधी तोंडालाच उठलं होतं. हर्मिनाचा एक दीर हळूच म्हणाला की हा तर पुठ्ठा आहे. कोर्नेली म्हणाली, "मग बघा, रक्त किती आमचं आहे. नुसत्या चित्राने उठलं."

आणि ती पोराला छातीशी धरून रडली. दोन वर्षं ज्याला तिने मांडीवर घेतलं नव्हतं त्याला आता खाली ठेवेना. त्या रविवारी आवारात पोम शिजलं, जे फक्त वाढदिवसाला आणि लग्नाला शिजतं. भाच्याला हॉलंडला फोन गेला की तुझी सोय दुसरीकडे बघ, ही खोली सेड्रिकच्या मुलाची आहे. रोस्मिनीला पहिल्या पंगतीत बसवलं. मीही जेवायला होते. ती पोरगी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ज्या बायका नळावर बोलायच्या त्याच तिला आग्रह करकरून वाढत होत्या. नातवाच्या फोडांचा सण मी तेवढा एकदाच बघितला.

हर्मिना जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिने दोनदा कोपरा चुकीचा कापला. तिसऱ्यांदा यंत्र बंद केलं आणि माझ्या टेबलाशी येऊन बसली.

"चंद्रा," ती म्हणाली, "ते ट्रेफू नाही."

मी म्हटलं, मग काय आहे? तिने आपली बोटं माझ्यापुढे धरली. माझीही तशीच होती, नवी गुलाबी कातडी आलेली. मग ती खाली बघत बोलली, आणि तिला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. लग्नानंतर हेन्द्रिक मुंगोच्या खाणीवर होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक गयानाचा माणूस होता. पुढचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सेड्रिक शाळेत असताना मित्राच्या घरी कासव जेवून आला, ताट चाटून आला, आणि कौतुकाने बापाला सांगितलं.

"हेन्द्रिक आठवडाभर रोज सकाळी त्याचा सदरा काढून पाठ बघायचा," ती म्हणाली. "काही उठलं नाही. मग एक दिवस पोराला म्हणाला, बाळा, परत कासव खायचं नाही, लांडफेल्ट कासव खात नाहीत. मला एक शब्द बोलला नाही. मरेपर्यंत नाही. त्याला कळलं होतं, चंद्रा, आणि त्याने पोरगं आपलंच ठेवलं."

मी म्हटलं, सिसा, तू हे ट्रेफू-बिफू मानतेस? तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "मानते म्हणूनच सांगतेय ना. बापाकडून येतं ते. याच्या बापाला कासव वर्ज्य नव्हतं, मग याला कुठून असेल? हे तुझ्या-माझ्या बोटांवरचं आहे."

मग पोराला दवाखान्यात ने, मी म्हटलं, मलम देतील.

"आणि मलमाने बरं झालं तर?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रेफूचे फोड मलमाने जात नाहीत, हे त्या आवारात लहान पोरालाही माहीत होतं. फोड राहिले तर पोर लांडफेल्ट. गेले तर पोर कुणाचंच नाही, आणि नाताळला निकेरीची बस. ती म्हणाली, जरा थांबू, आपले आपोआप गेले, त्याचेही जातील, तोवर सगळ्यांच्या मनात घट्ट बसेल. मी भांडले. पण भिंतीशी भांडून काय होणार?

पुस्तक तिने लपवून ठेवलं. तरी फोड गेले नाहीत. पोर खाजवायचं, ते चिघळायचे, पू धरायचा, वर पिवळी खपली यायची. कोर्नेली दिवसातून दोनदा पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालायची, मायेने, फुंकर घालत. हर्मिना शेवटी एकटीच दवाखान्यात गेली आणि नर्सला सांगितलं. नर्स तिच्यावर डाफरली, पोर कुठे आहे, मी काय तुमच्या सांगण्यावर औषध देऊ? मग मलमाची नळी दिली आणि बजावलं की असे चिघळलेले फोड मूत्रपिंडावर जातात. डोळे सुजले किंवा लघवी चहासारखी झाली तर घरात एक क्षण थांबायचं नाही.

मलम लावताना तिला रोस्मिनीने पकडलं. हर्मिनाने सांगायचा प्रयत्न केला की हे वार्निश आहे, हे बघ माझी बोटं. रोस्मिनी एरवी मोठ्यांपुढे आवाज न करणारी, हर्मिनाला ओमा, म्हणजे आजी, म्हणणारी पोरगी. तिने नळी हिसकावून घेतली.

"ओमा, तुम्हाला मला इथून काढायचंय का?" ती म्हणाली. "दोन वर्षं सगळ्यांनी मला खोटारडी म्हटलं. तुम्ही नाही म्हटलंत, पण गप्प बसायचात. आता देवाने पोराच्या अंगावर लिहून दिलंय तर तुम्ही ते पुसायला बसलात."

हर्मिना तिला काय सांगणार? तू खरी आहेस, खोटी मी आहे, हे एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि तेच तोंडातून निघेना. तिने मला हे सगळं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आज जाऊन बोल. ती म्हणाली, हेन्द्रिकने जे झाकलं ते मी उघडं करू? आणि मग पोराला कोण ठेवील?

एका रविवारी सकाळी तिचा मला फोन आला. एवढंच म्हणाली, डोळे सुजलेत, ये. मी पोचले तेव्हा फाटकाशी गाडी उभी होती. गिल्मार रोस्मिनीच्या खांद्यावर, तोंड फुगलेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी. कोर्नेली गाठोडी चढवत होती. कासव पोटात उतरलंय, म्हणाली, आता पाल्याचं काम नाही. नदीच्या वरच्या अंगाला एक म्हातारा होता, घराण्याचं कासव उतरवणारा. त्याच्याच बापाने हेन्द्रिकला बरं केलं होतं. गाडीने धक्क्यापर्यंत आणि तिथून होडीने, दीड दिवसाची वाट.

मी म्हटलं, बाई, इस्पितळ इथून हाकेच्या अंतरावर आहे. कोर्नेली माझ्यावर रागावली नाही. म्हणाली, "चंद्रावती, तुझ्या भावाची कावीळ उतरवायला तुम्ही माणूस बोलावलात तेव्हा मी येऊन तुम्हाला शिकवलं होतं का?" ते खरं होतं. आणि भाऊ बरा झाला होता.

तेव्हा हर्मिना गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. आवारातली सगळी माणसं तिथे होती, रविवारचे कपडे घालून.

"कोर्नेली, सेड्रिक हेन्द्रिकचा नव्हता," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "गयानाच्या माणसाचा होता. धक्क्यावरच्या. त्याने लहानपणी कासव खाल्लं होतं, त्याला काही झालं नाही. हेन्द्रिकला ठाऊक होतं. पोर सेड्रिकचंच आहे, पण तुमचं नाही. हे ट्रेफू नाही. त्याला इस्पितळात न्या, मी पाया पडते, मग आम्हा तिघांना हाकला."

माझ्या मनात आलं, सुटलं पोर. इज्जत गेली, घर गेलं, पण पोर सुटलं.

कोर्नेली तिच्याजवळ आली. तिने हर्मिनाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, ती नव्या गुलाबी कातडीची बोटं कुरवाळली, आणि तिचे डोळे भरून आले.

"किती माया गं तुझी," ती म्हणाली. "पोराला नदीवर न्यायचं भय वाटतं म्हणून स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलंस. मी असते तर मला नसतं जमलं. पण हर्मिना, माणूस खोटं बोलतो, कातडी बोलत नाही. तू आमच्या रक्ताची नाहीस, तुला हे कळायचं नाही."

हर्मिना ओरडली की मी खरं सांगतेय, त्या माणसाचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, येशूची शपथ घेतली. जितकी ती शपथा घेत होती तितके ते सगळे तिच्याकडे कणवेने बघत होते. रोस्मिनी गाडीतून म्हणाली, मेलेल्या मुलालाही सोडलं नाहीत, ओमा. दोन पुतण्यांनी हर्मिनाची बोटं दारावरून सोडवली, अगदी हळुवार, एकेक करून. गाडी गेली.

आम्ही दोघी दवाखान्यात धावलो. नर्सने नदीवरच्या आरोग्य केंद्राला कळवलं, पण होडी कुठे पोचली, कुठल्या गावाला थांबली, कुणाला सांगता येईना. केंद्राच्या माणसांना ते सापडले तेव्हा पोराची लघवी बंद झाली होती. त्याला घेऊन परत निघाले. धक्का यायच्या आधीच, होडीतच, तो गेला.

त्याला लांडफेल्टांच्या जागेत पुरलं, सेड्रिकच्या शेजारी. क्रिओल मयतात पेटी वाहणारे नाचत चालतात, तसे ते चालले नाहीत, लहान पोराला कुणी नाचवत नेत नाही. क्रुसावर पूर्ण नाव लिहिलं होतं, आडनावासकट. आठव्या दिवशी सगळं घराणं जेवायला जमलं आणि मीही गेले. गाणी झाल्यावर कोर्नेली उठली. म्हणाली, आपल्या हर्मिनाने त्या दिवशी फाटकात स्वतःबद्दल आणि मेलेल्यांबद्दल नाही ते बोलून घेतलं, ते आजीच्या पोटातल्या आगीने बोलून घेतलं, घराण्याने तिला माफ केलंय, आजपासून कुणी ते तोंडातून काढायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळे हर्मिनाकडे बघत राहिले, कारण आता तिने काहीतरी म्हणायला हवं होतं.

"आभारी आहे," हर्मिना म्हणाली.

रोस्मिनी आजही त्या मागच्या खोलीत राहते. लांडफेल्ट मुलाची आई म्हणून ती खोली आता तिचीच. हर्मिनाला ती सकाळचा चहा देते, पाय चेपते. तिला कुणी काढणार नाही, हर्मिनालाही नाही. ज्या घरासाठी हर्मिना गप्प बसली ते घर तिला पक्कं मिळालं, आणि त्यात बसून करायचं काय हे तिला कुणी सांगितलं नाही.

गावात बोभाटा झाला की नुसत्या चित्रातल्या कासवाने पोर नेलं. क्रिओल बाया पुस्तक घेईनात. मॅडमनी पुढच्या छपाईत कासव काढून बेडूक घातला. मॅडमना मी वार्निशचं सांगितलं होतं. त्या पांढऱ्या पडल्या आणि बाद ढीग त्यांनी स्वतःच्या हाताने जाळला, पण लांडफेल्टांच्या पायरीवर जाऊन सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. हर्मिना कामावर येत राहिली. कोपरे पूर्वीसारखेच गोल यायचे, पण ते ओठावरून फिरवून बघायचं तिने सोडलं.

एके दुपारी मला राहवलं नाही. रोटी तशीच ठेवून म्हटलं, सिसा, मी जाते कोर्नेलीकडे, बोटांचं सांगते, मॅडमना बरोबर नेते, तुझं खरं होतं हे कुणाला तरी कळायला हवं.

"खरं एकदा सांगून झालं, चंद्रा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा कुणासाठी सांगू?"

मग ती थोडा वेळ भात चिवडत बसली. म्हणाली, हल्ली रात्री वाटतं की कोर्नेलीच बरोबर असेल. महिन्या-दोन महिन्यांनी का होईना, हेन्द्रिक घरी येतच होता. सेड्रिक त्याचा असेलही. एखाद्याला चढत नाही, नातवाला चढतं, असंही होत असेल. मी म्हटलं, असं समजून तुला बरं वाटत असेल तर समज, तुला कोण विचारतंय.

"त्याने काय बरं वाटणार?" ती म्हणाली. "वार्निशने नेला म्हण, नाहीतर कासवाने नेला म्हण. पुस्तक माझ्याच पिशवीतून गेलं ना."

तिने डबा बंद केला, यंत्रापाशी जाऊन बसली आणि बेडकांचा पुढचा गठ्ठा ओढून घेतला.